टीव्हीसी घेण्याआधी त्याच्या मागे काय जोडलंय ते बघा

तुमचा प्रश्न मला समजला तो असा: घर जुळे सोलापुरात, टेबलावर कॉम्प्युटर आणि डॅक (डिजिटल गाण्याचा ॲनालॉग सिग्नल करणारा डबा), तिथून सहा मीटर केबल जाऊन व्हॉल्व्हचा पॉवर अँप, मधे 50 किलोओहमचा पॉट, म्हणजे आवाज कमी-जास्त करायची फिरती खुंटी. आवाज कमी केला की गाणं पांघरूण टाकल्यासारखं दबतं, आणि मागे बारीक गुणगुण येते. शिवाय वडिलांचा टर्नटेबल आहे, त्याला ईसीसी83 व्हॉल्व्ह वापरून घरीच बांधलेला फोनो स्टेज, म्हणजे रेकॉर्डच्या सुईचा बारीक सिग्नल वाढवणारा डबा. तर पॉट काढून ट्रान्सफॉर्मर व्हॉल्यूम कंट्रोल, म्हणजे टीव्हीसी, बसवावा का, कुठला घ्यावा, आणि अक्कलकोट रोड एमआयडीसीतला वाइंडिंगवाला तो स्वस्तात करून देईल का?

डॅकला टीव्हीसी छान जमेल. फोनो स्टेजला, तो आज जसा आहे तसा, अजिबात जमणार नाही. कारण एकच आहे आणि ते टीव्हीसीच्या डब्यात नाही, त्याच्या मागे जोडलेल्या यंत्रात आहे.

आधी पॉटचं बघू. 50 किलोचा पॉट व्होल्टेज निम्मं करतो त्या जागी त्याचा आउटपुट इम्पिडन्स, म्हणजे सिग्नल पुढे देताना आड येणारा आतला अडथळा, साडेबारा किलोओहम असतो. साध्या केबलची कपॅसिटी मीटरला 100 पिकोफॅरडच्या आसपास धरली तर सहा मीटरचे 600 झाले. गुणाकार करून बघा, 21 किलोहर्ट्झला 3 डीबी (डेसिबल, सिग्नलच्या पातळीचं माप) गेले. त्यात व्हॉल्व्हची स्वतःची इनपुट कपॅसिटी मिळवा. म्हणजे तुमचे कान खोटं बोलत नाहीयेत.

टीव्हीसीत रेझिस्टन्स टाकून सिग्नल मारत नाहीत, कमी वेढ्यांच्या टॅपवरून, म्हणजे वाइंडिंगच्या मधूनच बाहेर काढलेल्या तारेवरून, तो घेतात. व्होल्टेज दहापट खाली आलं की मागच्या यंत्राचा इम्पिडन्स शंभरपट खाली दिसतो. तुमचा डॅक 100 ओहमचा असेल तर वीस डीबी खाली तो एक ओहमसारखा वागतो, वर वाइंडिंगचा रेझिस्टन्स तेवढा मिळवायचा. सहा मीटर केबलचं मग काही वाटत नाही. दोन्ही चॅनलचा तोलही वेढे मोजून ठरतो, त्यामुळे रात्री अगदी हळू लावलं तरी गायक एका बाजूला सरकत नाही. स्वस्त पॉटची खरी रड तिथेच असते.

पण खर्च करण्याआधी 10 किलोचा पॉट लावून बघा. त्याचा आउटपुट इम्पिडन्स फार तर अडीच किलो होतो, त्याच केबलवर मर्यादा शंभर किलोहर्ट्झच्या पुढे जाते, आणि आजचे बहुतेक डॅक 10 किलो आरामात ओढतात. तुमची निम्मी तक्रार त्यातच मिटेल. फक्त आल्प्स कंपनीच्या निळ्या पॉटच्या नावाने नकली पॉट भरपूर विकले जातात, तेवढं सांभाळा. डॅकमध्ये 24 बिटचा डिजिटल व्हॉल्यूम असेल तर 16 बिटचं गाणं 48 डीबीपर्यंत खाली आणलं तरी बिट तुटत नाहीत, हेही लक्षात असू द्या. हे दोन्ही करून समाधान झालं नाही तरच पुढे वाचा.

आता फोनो. ईसीसी83च्या प्लेटवरून थेट आउटपुट घेतलं असेल, प्लेटला 100 किलो असेल, तर त्याचा इम्पिडन्स साधारण 38 किलोओहम भरतो. टीव्हीसीच्या प्रायमरीचा (सिग्नल आत येतो त्या वाइंडिंगचा) इंडक्टन्स, म्हणजे बदलत्या करंटला विरोध करायचा गुण, 100 हेन्री धरा, आणि हा चांगला आकडा आहे. 38 हजारला 2π गुणिले 100 ने भागलं की 60 हर्ट्झ येतात. म्हणजे 60 हर्ट्झलाच 3 डीबी गेले. तबल्याचा बायाँ पातळ झाला, ऑर्गनच्या खालच्या सुरांचं तर बोलायलाच नको. याउलट एक किलोओहमचं यंत्र मागे असेल तर हीच मर्यादा दीड हर्ट्झवर जाते. "टीव्हीसीत बास नाही" म्हणणारे आणि "टीव्हीसीसारखा बास नाही" म्हणणारे दोघेही खरंच सांगत असतात, फक्त कोण मागे काय लावून ऐकतोय ते सांगत नाहीत.

उपाय म्हणून कॅथोड फॉलोअर, म्हणजे आवाज न वाढवता फक्त इम्पिडन्स खाली आणणारा व्हॉल्व्हचा टप्पा, जोडा, इम्पिडन्स काही शे ओहमवर येईल. पण इथे दुसरा खड्डा आहे. आउटपुटचा कपॅसिटर आणि प्रायमरीचा इंडक्टन्स मिळून रेझोनन्स होतो, म्हणजे एका ठरावीक फ्रिक्वेन्सीला सिग्नल फुगतो. 0.47 मायक्रोफॅरड आणि 100 हेन्री म्हणजे 23 हर्ट्झ, आणि आता मागे ओढून धरणारा मोठा रेझिस्टन्सही उरलेला नाही. तिथे चांगला उंचवटा येतो. टर्नटेबलची घरघर बरोबर त्याच परिसरात असते, त्यामुळे वूफरचा कोन नुसता आत-बाहेर पळताना दिसेल. प्रायमरीला समांतर 10 किलोचा रेझिस्टर टाकला की उंचवटा बसतो आणि 23 हर्ट्झखालचं उलट कापलं जातं. गाभ्याचा इंडक्टन्स सिग्नलच्या पातळीप्रमाणे बदलतो, म्हणून हे आकडे जवळपासचे समजा आणि रेझिस्टर कानाने ठरवा.

ट्रान्सफॉर्मर घ्यायचा की ऑटोफॉर्मर? ऑटोफॉर्मरमध्ये एकच वाइंडिंग असतं. तो करायला सोपा, बऱ्याचदा स्वस्त, आणि माझ्या मते आवाजात कुठेही कमी नाही. पण तुमचा डॅक कॉम्प्युटरला जोडलेला आहे, अँप दुसऱ्या कोपऱ्यातल्या सॉकेटवर. अशा लांबच्या दोन सॉकेटांची अर्थ अगदी एकसारखी राहत नाही, आणि त्यांच्यात केबलच्या वाटेने करंट फिरतो, तो ग्राउंड लूप. तुम्ही लिहिलेली बारीक गुणगुण बहुधा त्याचीच आहे. प्रायमरी-सेकंडरी वेगळी असलेला ट्रान्सफॉर्मर तो लूप तोडतो, ऑटोफॉर्मर तोडत नाही. म्हणून तुम्हाला ट्रान्सफॉर्मरच सांगेन. गुणगुण घालवायला अँपची अर्थची पिन काढायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. व्हॉल्व्ह अँपमध्ये तीनचारशे व्होल्ट खेळत असतात.

एक गुणगुण मात्र टीव्हीसी स्वतः ओढवून घेतो. फोटोत तुमचा इन्व्हर्टर रॅकच्या खालच्याच कप्प्यात दिसतोय. त्याच्या ट्रान्सफॉर्मरचं चुंबकीय क्षेत्र टीव्हीसीच्या गाभ्यात शिरतं. ओळखायचं कसं? गाणं बंद ठेवून डबा हातात घ्या आणि सावकाश काटकोनात फिरवा. गुणगुण कमी-जास्त झाली तर ती चुंबकीय आहे, नाही झाली तर बहुधा लूपची. म्यूमेटलचं (चुंबकीय क्षेत्र अडवणाऱ्या निकेलच्या मिश्रधातूचं) कवच असलेले टीव्हीसी यासाठीच महाग असतात. तरी इन्व्हर्टर दुसऱ्या खोलीत हलवणं सगळ्यात स्वस्त.

वाइंडिंगवाल्याचं विचाराल तर त्यांच्या हाताला नावं ठेवायची हिंमत नाही, अर्ध्या गावाचे माग त्यांच्यावर चालतात. पण स्टॅबिलायझरच्या गाभ्यात घालतात ती लोखंडी पट्टी इथे कामाची नाही. साध्या सिलिकॉन स्टीलची पर्मिअबिलिटी (चुंबकत्व सहज वाहू द्यायचा गुण) अगदी बारीक सिग्नलला खाली येते, म्हणजे आलाप हळू झाला की नेमका तेव्हाच इंडक्टन्स घटतो. 80 टक्के निकेलचा पर्मलॉय हा मिश्रधातू लागतो, केसासारखी तार हजारो वेढे, आणि मधल्या सगळ्या टॅप. ते काम बाहेरूनच आणावं लागेल: इंग्लंडच्या स्टीव्हन्स अँड बिलिंग्टनचा टीएक्स102 किंवा सॉटर कंपनीचे. कस्टम ड्यूटी आणि जीएसटी धरूनच हिशोब करा. कॅथोड फॉलोअरला लागणारा पॉवर ट्रान्सफॉर्मर मात्र इथेच करून घ्या.

घेताना सगळ्यात खालच्या टॅप विचारा. डॅक 2 व्होल्ट देतो. अँपला पूर्ण आवाजाला 0.7 व्होल्ट पुरत असेल तर कमाल आवाजालाच तुम्ही 9 डीबी खाली आहात. रात्रीचं ऐकणं त्याच्याही चाळीस डीबी खाली. तिथे पायऱ्या मोठ्या असल्या तर एक खूप हळू आणि पुढची खूप जोरात, असं होतं. टॅप बदलणारा स्विच बंदिस्त घ्या. शेजारी माग असेल तर कापसाचं तूस उघड्या संपर्कांवर बसतं आणि वर्षभरात खरखर सुरू.

जोडण्याआधी डॅकचं आउटपुट मल्टिमीटरने डीसीवर मोजा. दहावीस मिलीव्होल्ट दिसले तर मधे कपॅसिटर टाका, निकेलच्या गाभ्याला डीसी सोसत नाही. त्याच कारणाने टीव्हीसीचं वाइंडिंग मीटरच्या ओहम रेंजवर तपासत बसू नका. आणि पार्सल करणाऱ्याला दुप्पट थर्माकोल घालायला सांगा, म्यूमेटल आपटलं की त्याची पर्मिअबिलिटी घसरते आणि बाहेरून काही दिसत नाही.