तलवारबाजी की कराटे?

आधी घरापासून क्लास किती लांब आहे ते बघ. कराटे शिकवणारं कुणीतरी जालना-परभणीतच काय, तालुक्यालाही सापडतं. तलवारबाजीचं तसं नाही. ती खरी रुजलीय संभाजीनगरात. तिथल्या विद्यापीठ परिसरातल्या साईच्या, म्हणजे भारतीय क्रीडा प्राधिकरणाच्या, केंद्रात या खेळाचे खेळाडू घडतात.

खर्चाचं म्हणशील तर कराट्याला पांढरा ड्रेस आणि पट्टा झाला की भागतं. तलवारबाजीला मास्क, जाकीट, हातमोजा, हत्यार, सगळंच लागतं आणि पाती मोडतातही. पहिले काही महिने क्लासचंच साहित्य वापर. एप्रिल-मेच्या आपल्याकडच्या उन्हात मास्कखाली जीव कासावीस होतो, तेव्हा सकाळचीच बॅच गाठ.

तरी माझं मन तलवारबाजीकडेच झुकतं. यात तलवारी तीन प्रकारच्या: फॉइलमध्ये फक्त धडावरचा वार धरतात, एपीत अंगावर कुठेही, सेबरमध्ये कमरेच्या वर. सुरुवात फॉइलने कर, हात आवरायची सवय लागते. लंज, म्हणजे पुढचा पाय लांब टाकून केलेला हल्ला, मारताना आधी हात लांब कर, मग पाय टाक. उलटं केलंस की समोरच्याला डाव कळलाच. पुढचा गुडघा आत वळू देऊ नकोस, नाहीतर दुखणं मागे लागेल.

कराटे घेतलंस तर काता, म्हणजे ठरलेल्या हालचालींचा एकट्याने करायचा सराव, कंटाळवाणा म्हणून टाळू नकोस. आणि भराभर पट्टे वाटणाऱ्या क्लासपासून चार हात लांब राहा. ते पट्टे फीचे असतात. ऑलिम्पिक डोक्यात असेल तर एवढं लक्षात घे: कराटे टोकियोत होतं, पॅरिसला २०२४ मध्ये नव्हतं, तलवारबाजी १८९६ पासून दरवेळी आहे.

दोन्हीकडे एकेक दिवस नुसतं बसून बघ. फी नंतर भर.