साइड पॅनलचं लॉक तुटलं, नवीनच घ्यायचं का?

प्रश्न: माझी बाईक सात वर्षं जुनी. पार्किंगमधे कोणाच्या तरी धक्क्यानं पडली, साइड पॅनलला वीतभर चीर गेली नि मागचं एक लॉकही, म्हणजे पॅनल अडकवायची खुंटी, तुटलं. इन्स्टंट ग्लू तीनदा लावून झाला, आठ दिवस टिकते मग एखादा खड्डा आला की पुन्हा टक्क. मेकॅनिक म्हणते नवीन टाका. घरी काही जमंल का?
– एक वाचक, मानेवाडा, नागपूर

उत्तर: जमते ना भाऊ, पण आधी तो ग्लू बंद करा. वाळला की तो काचेसारखा कडक होते नि पॅनल इंजिनसोबत सतत थरथरत असते, मग तुटणारच. त्यात तीनदा लावला म्हणजे चिरेत थर बसला असंल, तो घासून पूर्ण काढल्याशिवाय पुढचं काही धरणार नाही.

पॅनल काढून आतल्या बाजूनं बघा, बारीक अक्षरात एबीएस (ABS) नाहीतर पीपी (PP) असं कोरलेलं असते, ही प्लास्टिकच्या जातींची नावं, सगळा खेळ तिथंच आहे. रंगवलेले पॅनल बहुतेक एबीएसचे असतात नि एबीएस अ‍ॅसिटोनमधे (नेलपॉलिश काढायला वापरतात ते) विरघळते, म्हणजे वरून चिकटवायचं नाही, प्लास्टिकच प्लास्टिकमधे मिसळवायचं. अक्षरं दिसत नसतील तर रंग खरवडलेला कपचा पाण्यात टाका, एबीएस बुडते, पीपी तरंगते.

आता चीर जिथं संपते तिथं 3 मिमीचं भोक पाडा. हे लोकं विसरतात, मग जोड टिकते पण चीर पुढं सरकत जाते. मागच्या बाजूनं चिरेवर इंग्रजी व्हीच्या आकाराची खाच करा, आजूबाजूला दोन बोटं पॉलिश पेपर मारा. भंगारवाल्याकडून एबीएस लिहिलेला तुटका पॅनल आणा, त्याचे मुगाएवढे तुकडे काचेच्या बाटलीत बुडतील एवढ्याच अ‍ॅसिटोनमधे रात्रभर ठेवा, सकाळी मधासारखी पेस्ट. ती खाचेत भरा, वर स्टीलच्या बारीक जाळीची पट्टी दाबा, पुन्हा पेस्ट, पण थर पातळ-पातळच, नाहीतर वरून वाळते नि आत च्युइंगम राहते. एक दिवस तरी हात लावू नका. मी पहिल्यांदा पेस्ट फार पातळ केली होती, एक थेंब चिरेतून समोर गेला नि नखाएवढा पेंट उठला, लाल पॅनलवर तो डाग अजून आहे, बायको रोज विचारते हे काय. आणि अ‍ॅसिटोन पेट्रोलसारखं पेट घेते, बंद खोलीत नको, गच्चीवर सावलीत बसा.

लॉकला नुसती पेस्ट पुरत नाही. सायकलच्या स्पोकचा छोटा तुकडा सोल्डरिंग गननं तापवून दोन्ही भागात अर्धा-अर्धा रुतवा, मग पेस्ट. धूर नाकात जाऊ देऊ नका. आणि लॉक ज्यात बसते ते रबर बुश नवीन टाका, बा! आपल्याकडच्या उन्हात ते दोन-तीन उन्हाळ्यात दगड होते, मग सर्व्हिसिंगवाला पॅनल ओढते नि चांगलं असलेलं लॉकही हातात येते. बसवताना बुशला थोडं साबणाचं पाणी लावा, अलगद जाते.

रंगाआधी प्लास्टिक प्रायमर हवाच, नाहीतर पेंट सोलून येते. शेड मात्र पेंटिंगवाल्याकडूनच जुळवा, स्प्रेच्या डब्यानं कधीच जुळत नाही. मेकॅनिकचंही चूक नाही म्हणा, एवढा वेळ बसणं त्याला परवडत नाही, आणि पॅनलचा तुकडाच हरवला असंल तर तो म्हणते तेच करा.

प्रश्न: मागच्या काळ्या मडगार्डला पण हीच पेस्ट चालंल का?
– तेच वाचक

उत्तर: पीपी लिहिलं असंल तर नाही, अ‍ॅसिटोनचा त्याच्यावर काही परिणाम होत नाही नि बहुतेक गोंदही सुटून येतात. तिथं वितळवूनच जोडायचं. घरात तुटकी प्लास्टिकची खुर्ची असंल तर खाली पीपी किंवा त्रिकोणात 5 लिहिलंय का बघा, असंल तर तिची पट्टी कापून सोल्डरिंग गननं चिरेत वितळवत भरा. रंग जुळणार नाही, पण मडगार्डखाली कोण वाकून बघते.