सोयाबीनच्या मुळालगतच्या मातीत रायझोबियम (मुळांवर गाठी करून हवेतला नत्र देणारा जिवाणू) दिसत नाही. जिवाणू ओळखण्याचा ग्रीनजीन्स डेटाबेस सोडून सिल्व्हा घेऊ का?

तुम्ही दिलेली माहिती अशी: परभणीजवळच्या काळ्या रानातली, सोयाबीनच्या मुळांना चिकटलेली माती, 12 नमुने, जिवाणू ओळखायच्या 16एस जीनचा व्ही3-व्ही4 भाग, मायसेक यंत्राचे 2×250 रीड्स (प्रत्येक तुकडा दोन्ही टोकांकडून 250 बेस वाचलेला). प्रायमर (तुकड्याच्या टोकांना जोडलेले छोटे डीएनए) काढून डाडा 2 या प्रोग्राममध्ये सरळ रीड 230 आणि उलटा रीड 200 बेसवर कापला, तर बहुतेक रीड्स गेले. उरलेल्यात रायझोबियम नाही. डेटाबेस जरूर बदला, पण रीड्स त्याच्यामुळे गेलेले नाहीत.

आधी बेरीज करून बघा. 341एफ आणि 805आर हे प्रायमर काढल्यावर व्ही3-व्ही4 चा तुकडा साधारण 400 ते 428 बेसचा राहतो. तुमचे 230 अधिक 200 म्हणजे 430. दोन्ही रीड्सच्या जोडणीला किमान 12 बेसचा ओव्हरलॅप, म्हणजे सामायिक भाग लागतो, म्हणून 427 चा तुकडा जुळूच शकत नाही. 402 चा मात्र आरामात जुळतो. म्हणजे नुकसान सगळ्यांचं सारखं झालेलं नाही: बॅसिलससारखे लांब तुकड्याचे जिवाणू गळाले, आणि आखूड तुकड्याचे अल्फाप्रोटिओबॅक्टेरिया फुगून दिसले. रायझोबियाचं बहुतेक गोत याच अल्फात येतं. त्यामुळे ते जोडणीत हरवलं असेल, असं मला वाटत नाही. हा निकाल टक्केवारीसाठी वापरू नका, पुन्हा चालवा.

230 आणि 225 वर कापा. प्रायमर गेल्यावर तुमचे रीड्स 233 आणि 229 चेच उरतात, त्यामुळे 240 दिलंत तर एकही रीड वाचणार नाही. उलट्या रीडचं शेपूट खराब असेल तर ते आणखी कापू नका. मॅक्स-ईई (एका रीडमध्ये चालणाऱ्या अपेक्षित चुकांची मर्यादा) 2 वरून 4 किंवा 5 करा. मग डाडा 2 ने दिलेला आकडेवारीचा तक्ता रकान्यागणिक वाचा. फिल्टरलाच गळती झाली तर दोष गुणवत्तेचा, मर्जला, म्हणजे जोडणीला झाली तर ओव्हरलॅपचा. कायमेराच्या (दोन वेगळ्या तुकड्यांची चुकून झालेली सांगड) रकान्यात मोठी घट दिसली तर बहुतेक वेळा प्रायमर आत राहिलेला असतो. फास्टक्यू (रीड्सची फाइल) उघडून पाहा: सरळ रीडची सुरुवात सीसीटीएसीजीजी अशी असेल तर प्रायमर काढणारं कटअ‍ॅडॅप्ट नीट चाललेलं नाही.

आता डेटाबेस. ग्रीनजीन्स 13_8 हे 2013 चं आहे, ते सोडाच. सिल्व्हा 138 घ्या. क्लासिफायर (रीड्सना जिवाणूंची नावं देणारं मॉडेल) तुमच्या चाइम 2 या सॉफ्टवेअरच्या आवृत्तीसाठीच बनवलेला हवा, नाहीतर सायकिट-लर्न या लायब्ररीची आवृत्ती जुळत नाही म्हणून तो चालतच नाही. 8 जीबीच्या लॅपटॉपवर काम मध्येच 'किल्ड' म्हणून थांबलं तर एकच जॉब ठेवा आणि रीड्स-पर-बॅच 1000 करा. तरीही जमलं नाही तर युरोपचा गॅलेक्सी सर्व्हर फुकट वापरता येतो.

रायझोबियम न दिसण्याचं खरं कारण नावात असावं. पेरणीआधी बियाण्याला चोळतात त्या कल्चरच्या पाकिटावर 'रायझोबियम' छापलेलं असतं, पण सोयाबीनच्या गाठी मुख्यतः ब्रॅडीरायझोबियम करतो. सिल्व्हा 138 मध्ये तो रायझोबिएसी कुळात नाही, झँथोबॅक्टरेसी कुळात आहे, तिथे शोधा. खुद्द रायझोबियमही एकटा सापडत नाही, 'अ‍ॅलोरायझोबियम-निओरायझोबियम-पॅरारायझोबियम-रायझोबियम' अशा जोडनावाखाली असतो. तुलनेसाठी 2021 नंतरचे शोधनिबंध वाचताना प्रोटिओबॅक्टेरियाच्या जागी स्यूडोमोनाडोटा दिसेल, गट तोच.

ब्रॅडीरायझोबियम सापडला म्हणून पाकिटातलाच वाण टिकला असं लिहू नका. या वंशातल्या जातींचं 16एस जवळजवळ सारखं असतं; तो फरक दाखवायला रेक-ए किंवा नॉड-सी जीन वाचावा लागतो. मातीत मुळाचे बारीक तंतू आलेले असतात, म्हणून टक्केवारी काढण्याआधी क्लोरोप्लास्ट आणि मायटोकाँड्रिया वगळा. सिल्व्हात पहिलं ऑर्डरच्या पातळीवर सापडतं, दुसरं फॅमिलीच्या.