बाबांना सीओपीडी (श्वासनळ्या कायमच्या अरुंद होणारा फुफ्फुसाचा आजार) आहे, होमिओपॅथीने इनहेलर सुटेल का?
नाही सुटणार, सरळच सांगतो. आमचे काका, वागळे इस्टेटला कारखान्यात आयुष्य गेलं वर बिडी, त्यांनी कोणाचं तरी ऐकून साबुदाण्याच्या गोळ्या सुरू केल्या आणि पंप, म्हणजे इनहेलर, बंद केला, पंधरा दिवसांत जिना चढवेना, मग रात्री ॲडमिट. होमिओपॅथीच्या औषधावर ३० सी लिहिलेलं असतं ते म्हणजे १०० पट पातळ असं ३० वेळा, मूळ औषधाचा एक रेणूसुद्धा उरत नाही हो त्यात. सीओपीडीत फुफ्फुसाचं झालेलं नुकसान भरून येत नाही, पंपाने श्वासनळ्या मोकळ्या राहतात एवढंच, पण तेवढ्यावरच माणूस चालता फिरता राहतो. गोळ्या घेऊ देत, घरात वाद कशाला, फक्त पंप सोडायचा नाही. आणि सिगरेट चालू असेल तर आधी ती बंद. स्पायरोमेट्री, म्हणजे नळीत फुंकून फुफ्फुसाची क्षमता मोजायची तपासणी, केलीय का?