‘अपूर्ण’ भूतकाळात अपुरे काय असते?

प्रश्न असा आला आहे: ‘मला एक विचारायचे होते. फ्रेंचमधल्या अँपार्फे या काळाला आम्हांला अपूर्ण भूतकाळ म्हणून शिकवतात. मग “ज पार्ले” याचा अर्थ “मी बोलत होतो” एवढाच घ्यायचा का? आणि अपूर्ण म्हणजे बोलणे अर्धवट राहिले, असे समजायचे का?’

अर्धवट काहीही राहिलेले नसते. (‘पार्ले’चा विलेपार्ल्याशीही संबंध नाही, हा विनोद दर वर्षी कोणीतरी करतोच, म्हणून तो आधीच उरकून घेतो.) अँपार्फेला क्रिया संपली की नाही याची फिकीर नसते, तो क्रियेच्या कडांकडे पाहतच नाही. मराठी वाचकाला याची उत्तम ओळख कहाण्यांतून झालेली आहे. आटपाट नगर होते, तिथे एक ब्राह्मण राहत असे, तो रोज नदीवर जाई, आणि एके दिवशी त्याला काहीतरी दिसले. ‘एके दिवशी’च्या अलीकडचे सगळे अँपार्फे, पलीकडचे दुसऱ्या भूतकाळाचे. फ्रेंच कहाणीही ‘इल एते त्यून फ्वा’ अशी अँपार्फेनेच उघडते.

माझ्या भाचीच्या वहीत मात्र ‘आम्ही दर उन्हाळ्यात आजोळी जात होतो’ असे भाषांतर आढळले, आणि तिने आधी लिहिलेले ‘जायचो’ लाल शाईने खोडलेले होते. बाईंचे म्हणणे असे की ‘जायचो’ हे बोलीतले, लेखी उत्तरात शोभत नाही. ‘दर उन्हाळ्यात’ हे शब्द समोर असताना ‘जात होतो’ लिहिले की सगळे उन्हाळे एकाच आगगाडीत बसून निघाल्यासारखे वाटतात. सवय सांगायची असेल, तर ‘जात असू’ किंवा ‘जायचो’ हीच रूपे हवीत. ‘जायचो’ला अशुद्ध ठरवणाऱ्यांनी आपण स्वतः लहानपणीच्या आठवणी कोणत्या क्रियापदांत सांगतो, हे एकदा कान देऊन ऐकावे.

रूपे चालवणे हा या काळाचा सर्वांत सोपा भाग आहे. वर्तमानकाळातले ‘नू’चे, म्हणजे ‘आम्ही’चे, रूप घ्यावे, त्याचा ‘ओं’ काढावा आणि नवे प्रत्यय लावावेत. ‘नू पार्लों’वरून ‘ज पार्ले’, ‘नू फिनिसों’वरून ‘ज फिनिसे’, ‘नू ब्युव्हों’वरून ‘ज ब्युव्हे’. मी, तू, तो आणि ते या चौघांची रूपे लिहिताना तीन तऱ्हांनी लिहितात, पण ऐकताना एकच. वेगळी ऐकू येतात ती फक्त ‘नू पार्लियों’ आणि ‘वू पार्लिये’. अपवाद म्हणाल तर ‘एत्र’ हे ‘असणे’चे एकच क्रियापद, कारण त्याच्या ‘नू सॉम’ या रूपात काढायला ‘ओं’ नाही. त्याचे अंग ‘एत’, म्हणून ‘जेते’. एवढ्यासाठी पानभर तक्ते पाठ करायला लावणे मला तरी समजत नाही.

या ‘पार्ले’तल्या शेवटच्या ‘ए’पाशी मात्र थांबायलाच हवे, कारण त्यात आपल्याच घरातला एक धातू दडलेला आहे. लॅटिनमध्ये ‘मी गात असे’ याला ‘कान्ताबाम्’ म्हणत. यातला ‘बा’ म्हणजे संस्कृत ‘भू’ धातूचा सख्खा भाऊ. मूळचा ‘भ’ लॅटिनमध्ये शब्दाच्या आरंभी ‘फ’ होतो, मध्ये सापडला तर ‘ब’ होतो: भ्राता आणि फ्रातेर, नभस् आणि नेबुला. म्हणून लॅटिनचे ‘फुई’, म्हणजे ‘मी झालो’, हे आपल्या ‘अभूत्’च्या कुळातले, आणि ‘कान्ताबाम्’मधला ‘बा’ त्याच घराच्या मधल्या खोलीतला. काही पंडित याबाबत अजून मान हलवतात. त्यांनी रोमच्या उत्तरेला सापडलेल्या फालिस्कन बोलीतल्या पेल्यावरचा लेख पाहावा. त्यात ‘आज द्राक्षारस पिईन, उद्या मुकेन’ अशा अर्थाची ओळ आहे, आणि भविष्यकाळाच्या ज्या रूपांत लॅटिन ‘बो’ लावते तिथे त्या पेल्यावर स्वच्छ ‘फो’ कोरलेले आहे. शब्दाच्या मध्यावरही ‘फ’ टिकवणारा असा साक्षीदार मिळाल्यावर ‘भ’बद्दल शंका घ्यायला जागा उरते, असे मला वाटत नाही.

हा ‘ब’ गोव्यातल्या जुन्या पोर्तुगीज शिकलेल्या माणसांनी रोज तोंडात खेळवलेला आहे, कारण पोर्तुगीजने ‘कांताव्हा’ या रूपात त्याचा ‘व्ह’ करून तो जपला. फ्रेंचांनी तो गिळला. ‘माझ्याकडे असे’ या अर्थाच्या ‘हाबेबाम्’ या रूपात दोन ‘ब’ जवळ आले, त्यांतला दुसरा गळाला, आणि ते बिनबकारी शेपूट हळूहळू सगळ्या क्रियापदांनी उचलले, असे सर्वसाधारणपणे मानतात. पुढे ते ‘वे’ होऊन ‘ए’वर आले. उच्चार बदलला तरी लेखनात जुने ‘ओ-आय’ शतकानुशतके चालूच राहिले. त्याऐवजी ‘ए-आय’ ही अक्षरे लिहावीत, असा आग्रह अठराव्या शतकातल्या व्होल्तेर या फ्रेंच लेखकाने धरला होता. फ्रेंच अकादमीने ते मान्य केले 1835 मध्ये, आपल्या कोशाच्या सहाव्या आवृत्तीत, म्हणजे त्याच्या मृत्यूनंतर 57 वर्षांनी. लेखनाचे नियम बदलायला आपल्याकडेच उशीर लागतो, असे मानणाऱ्यांनी हा आकडा टिपून ठेवावा.

आता गंमत पाहा. मराठी ‘होणे’ हे ‘भवति’चेच प्राकृतातून आलेले रूप. म्हणजे ‘गात होतो’ या शब्दांत गाण्याला ‘भू’ जोडलेला आहे आणि ‘कान्ताबाम्’मध्येही गाण्याला ‘भू’च जोडलेला आहे. वहीतले ‘जात होतो’ अर्थाने चुकले, पण कुळाने अगदी बरोबर निघाले! आणि ज्याला आपण ‘भूत’काळ म्हणतो त्यातही तोच धातू, ‘भविष्या’त तोच, आणि फ्रेंच ‘फ्युत्यूर’मध्येही तोच.

पण नात्यावरून अर्थ काढण्याचा उद्योग किती अंगाशी येतो, ते संस्कृतच्या वर्गांत दिसते. संस्कृतातल्या ‘लङ्’ या भूतकाळाला पाश्चात्त्य व्याकरणकारांनी ‘इम्परफेक्ट’ असे नाव दिले. ते रूपांच्या साम्यावरून, ग्रीकच्या नमुन्यावर दिले, अर्थावरून नव्हे. तरीही ‘अगच्छत् (तो गेला, हे लङ्चे रूप) म्हणजेच फ्रेंच अँपार्फे’ असे ठामपणे सांगणारे विद्वान मला दर दोन महिन्यांनी भेटतात. पाणिनी ‘अनद्यतने लङ्’ म्हणतो: जे आज घडलेले नाही ते. यात सवय नाही की अपूर्णता नाही. ‘अनद्यतन’ला फ्रेंचमध्ये जोडीदार शोधायचाच असेल, तर तो ‘पासे सँप्ल’, म्हणजे साधा भूतकाळ, या काळात शोधावा. पोर-रोयाल या नावाने ओळखल्या जाणाऱ्या 1660 मधल्या फ्रेंच व्याकरणात सांगितले आहे की हा काळ किमान एक दिवस उलटून गेलेल्या गोष्टीलाच वापरावा, आज सकाळच्या गोष्टीला नव्हे. हा नियम पुढे पाळला गेला नाही, हे वेगळे. पण पाणिनीची आणि पोर-रोयालची अशी भेट होत असताना ती सोडून लोक भलत्याच नावामागे धावतात, याचे वाईट वाटते.

संस्कृतात अँपार्फेच्या जवळ जाणारे काही असेल, तर ते ‘वसति स्म’, म्हणजे ‘राहत असे’. रूप वर्तमानाचे, पुढे ‘स्म’ आला की अर्थ भूताचा. ‘लट् स्मे’ या सूत्राने पाणिनीने त्याची सोय केली आहे. आणि इथे मी माझे एक लाडके मत मांडतो. मराठीतले ‘करी’, ‘जाई’, ‘बसे’ हे ‘करीत असे’चे संक्षेप आहेत, असे शिकवतात, ते साफ चूक आहे. ‘करी’ हा ‘करोति’, ‘करइ’ या मार्गाने आलेला जुना वर्तमानकाळ आहे, आणि म्हणींमध्ये तो अजून वर्तमानच आहे: दाम करी काम, देव तारी त्याला कोण मारी, थेंबे थेंबे तळे साचे. ‘करतो’ने त्याला वर्तमानातून हुसकावले, तेव्हा तो भूतकाळात जाऊन ‘आजी पहाटे दळण करी’ असा सवयीचा काळ होऊन बसला. ‘वसति स्म’मधला ‘स्म’ गाळून मराठीने तीच युक्ती पुन्हा वापरली, असे मला वाटते. पुरावा मागू नये. मत लाडके आहे, एवढेच म्हटले आहे.

मूळ प्रश्न राहिलाच. ‘ज पार्ले’ला एकच मराठी रूप नाही. पार्श्वभूमी असेल तर ‘बोलत होतो’: मी बोलत होतो, इतक्यात दूध उतू गेले. सवय असेल तर ‘बोलत असे’ किंवा ‘बोलायचो’. ‘सी’नंतर, म्हणजे ‘जर’नंतर, आले तर ‘बोललो असतो तर’ असे मुळीच नव्हे, ‘बोलत असतो तर’. क्रिया फार वेळ चालली म्हणून मात्र अँपार्फे येत नाही. ‘तो वीस वर्षे ल्योंमध्ये राहिला’ या वाक्यात वीस वर्षे असली तरी त्यांना दोन्ही बाजूंनी कुंपण आहे, म्हणून तिथे ‘पासे कोंपोझे’, म्हणजे घडून गेलेल्या क्रियेचा संयुक्त भूतकाळच हवा.

‘अपूर्ण’ हे नाव बदलून ‘रीतिभूतकाळ’ म्हणावे, तर पार्श्वभूमीचा अर्थ बाहेर राहतो आणि सभ्यतेचाही. प्रश्नकर्त्याने पहिलेच वाक्य लिहिले आहे: ‘मला एक विचारायचे होते.’ विचारायचे आत्ताच आहे, तरी क्रियापद भूतात ढकलले, म्हणजे समोरच्यावर भार पडत नाही. फ्रेंच माणूस दुकानात किंवा कचेरीत शिरताना हेच म्हणतो, आणि याच काळात: ‘ज वूले वू दमांदे...’