थेट आयएसओकडे जाऊ नका

ध्वनिमुद्रणं जतन करायचा तुमचा फॉरमॅट मुक्तस्रोत आहे, काम करणारे सगळे नोकरी सांभाळून करतात, आणि प्रमाण म्हणून मान्यता मिळवायला आयएसओ (आंतरराष्ट्रीय मानक संघटना), डब्ल्यूथ्रीसी (वेबची प्रमाणं ठरवणारी संस्था) की आयईटीएफ (इंटरनेटची प्रमाणं ठरवणारी संस्था), असं तुम्ही विचारलंय. माझं मत: जिथे तुमच्या बिनपगारी माणसाला हक्काने बोलता येतं, तिथे जा. शिक्क्याचं नंतर बघू.

आयएसओत मत देशाचं. आपल्याकडून ते भारतीय मानक ब्यूरो देतं, म्हणजे आधी ब्यूरोच्या समितीत शिरकाव हवा. मायक्रोसॉफ्टच्या ओओएक्सएमएल या दस्तऐवजांच्या फॉरमॅटविरुद्ध भारताने मत दिलं होतं, तरी 2008 मध्ये तो आयएसओ प्रमाण झालाच. आयईटीएफमध्ये सदस्यत्वही नाही आणि मतदानही नाही. मेलिंग लिस्टवर या, मुद्दा मांडा, चालणारा कोड दाखवा. तुमच्या जातकुळीतली उदाहरणं तिथलीच आहेत: एफएफव्ही1 या व्हिडिओ फॉरमॅटला 2021 मध्ये आरएफसी (आयईटीएफने प्रकाशित केलेला क्रमांकित दस्तऐवज) मिळाला, मात्रोस्का (ध्वनी-चित्र एकत्र साठवणारा फॉरमॅट) आणि फ्लॅक (ध्वनीचा फॉरमॅट) यांना 2024 मध्ये. फ्लॅक 2001 पासून सर्रास वापरात आहे, तेव्हा कागदाविना कुणाचं अडत नाही हेही लक्षात असू द्या.

खरी गोम पेटंटची. 'वाजवी व भेदभावरहित' दराने परवाना, हे ऐकायला सभ्य वाटतं. पण रॉयल्टी प्रतीमागे असली तर मुक्तस्रोतात प्रती मोजणार कोण? एच.264 या पेटंट असलेल्या व्हिडिओ फॉरमॅटचंच बघा. फायरफॉक्ससाठी सिस्कोने ओपनएच264 हे तयार सॉफ्टवेअर दिलं, पेटंटचं शुल्कही सिस्कोच भरते. सोर्स खुला आहे, पण तो तुम्ही स्वतः कंपाइल केलात की ते संरक्षण तुम्हाला लागू नाही! डब्ल्यूथ्रीसीच्या 2004 च्या धोरणानुसार कार्यगटातल्या कंपन्यांना रॉयल्टीमुक्त परवाना द्यावा लागतो. आयईटीएफ फक्त पेटंट उघड करायला लावते, फुकट द्यायला नाही. तेव्हा ज्या कंपन्या सोबत येतील त्यांच्याकडून आधीच लेखी घ्या. डब्ल्यूथ्रीसीचं एवढं चांगलं असूनही तुमचा फॉरमॅट ब्राउझरशी बांधलेला नसेल तर तिकडे जाण्यात अर्थ नाही; तिथला कम्युनिटी ग्रुप (कुणालाही सामील होता येणारा गट) फुकट असतो, पण त्याचा अहवाल म्हणजे प्रमाण नव्हे.

पुढे एखाद्या निविदेत आयएसओ क्रमांक मागितलाच, तर मागची वाट आहे: दुसऱ्या संस्थेत मंजूर झालेलं प्रमाण पुढे आयएसओत नेता येतं. ओडीएफ हा दस्तऐवजांचा खुला फॉरमॅट आधी ओएसिस या प्रमाण-संस्थेत 2005 ला मंजूर झाला, 2006 ला आयएसओत गेला. लिनक्स फाउंडेशनचा एसपीडीएक्स (सॉफ्टवेअरचे घटक आणि परवाने नोंदवायचा फॉरमॅट) हाही असाच 2021 मध्ये गेला. आणि भारत सरकारच्या ई-प्रशासनासाठीच्या 2010 च्या खुल्या प्रमाणांच्या धोरणात भर आहे तो रॉयल्टीमुक्त असण्यावर आणि सर्वांना सहभाग खुला असलेल्या, नफा न कमावणाऱ्या संस्थेवर.

अर्ज-बिर्ज करण्याआधी एक करा. फॉरमॅटचं वर्णन कोडपासून वेगळं लिहून काढा, आणि तुमचा कोड न बघता केवळ त्यावरून कुणाला तरी डीकोडर (फाइल वाचून आवाज परत काढणारा प्रोग्रॅम) लिहायला सांगा. तो जिथे जिथे अडून तुम्हाला फोन करेल, तिथे तुमचा मसुदा अपुरा आहे.