ऑस्लानमधल्या ‘डिपिक्टिंग साइन’ प्राथमिक शाळेतल्या मुलांना कशा शिकवायच्या?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मेलबर्नच्या प्राथमिक शाळेत तुम्ही तिसरी-चौथीला ऑस्लान, म्हणजे ऑस्ट्रेलियातली खुणांची भाषा, शिकवायला घेतली आहे. रंग, आकडे, प्राणी, घरातली माणसं हे सगळं मुलांना येतं. पण ‘मांजर भिंतीवरून उडी मारून गाडीखाली गेलं’ म्हटलं की मुलं मांजर, भिंत, गाडी अशा तीन सुट्या खुणा करून तुमच्याकडे बघत बसतात. शब्दकोशात ‘गाडीखाली जाणे’ सापडत नाही. आणि वर्गात एक डावखुरा आहे, त्याचं काय?

शब्दकोशात ते सापडणारही नाही. ऑस्लान साइनबँक या ऑनलाइन शब्दकोशात ठरलेल्या खुणा मिळतात. डिपिक्टिंग साइन, म्हणजे चित्र उभं करणारी खूण, तिथल्या तिथे घडवावी लागते. हाताचा आकार म्हणजे वस्तू, समोरची हवा म्हणजे जागा, आणि हात जसा हलेल तशी ती वस्तू हलली. आपण मराठीत ‘धाडकन पडला’ आणि ‘अलगद पडला’ म्हणतो, तेव्हा पडण्याचं चित्रच कानावर टाकतो ना, तसंच काहीसं. काही खुणा अशाच चित्रांतून निघून पुढे शब्दकोशात जाऊन बसल्यात. ‘भेटणे’ घ्या. दोन उभी बोटं समोरासमोर येतात, झाली ठरलेली खूण. पण एक बोट मागून येऊन हळूच दुसऱ्याशेजारी थांबलं, की ते पुन्हा चित्र झालं.

मी मेलबर्नच्या पश्चिमेकडच्या एका शाळेत सहा वर्षं ऑस्लानच्या तासाला उभी आहे. मला ऐकू येतं. माझी सहशिक्षिका जन्मापासून बधिर आहे, आणि पुढचं बरंचसं तिच्याकडूनच शिकलेलं आहे.

माझा सल्ला असा की हालचाल आणि जागा यांवर फार तास घालवू नका, हाताच्या आकारावर घाला. अ‍ॅडम शेम्ब्री या भाषाशास्त्रज्ञांचा आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा २००५ सालचा एक अभ्यास आहे. त्यांनी ऑस्लानवाले, तैवानची खुणांची भाषा वापरणारे आणि एकही खूण न येणारे ऑस्ट्रेलियन, अशा तिघांना हलत्या वस्तूंची दृश्यं दाखवली आणि ती न बोलता हातांनी सांगायला लावली. वस्तू कुठे होती, कशी हलली, हे तिघांचंही बरंच जुळलं. हाताच्या आकारात मात्र फरक पडला. म्हणजे ‘वरून खाली, वळसा घेऊन’ हे मुलं घरूनच घेऊन येतात. गाडीला तळवा आडवा धरायचा, मूठ नाही, हे मात्र कोणीतरी सांगावं लागतं.

आमच्या वर्गात एकाने मूठ पुढे ढकलत, तोंडाने घुर्रर्र करत गाडी नेली. सहशिक्षिकेला घुर्रर्र ऐकू येत नाही. तिने त्या मुठीकडे नीट पाहिलं आणि विचारलं, “बटाटा?” वर्ग हसून लोळला. त्यानंतर त्या वर्गात कोणी मुठीची गाडी केली नाही.

पहिल्या सत्राला तीन आकार पुरतात. उभी तर्जनी म्हणजे माणूस. खाली वळवलेली दोन बोटं म्हणजे त्याचे पाय, चालणं-चढणं-घसरणं दाखवायचं असेल तेव्हा. जमिनीकडे वळवलेला सपाट तळवा म्हणजे गाडी. बस्स. एवढ्यावर महिनाभर गोष्टी सांगता येतात. भिंतीवर तीस आकारांचा तक्ता लावायचा मोह मलाही झाला होता. मुलांनी तो पाठ केला आणि एकही गोष्ट सांगितली नाही.

वस्तू हातात धरून दाखवायच्या खुणांसाठी मी घरून पिशवी नेते: लाटणं, सुई, पाण्याची बाटली, जाडजूड पुस्तक, कढईचा झारा. मुलाने वस्तू धरायची, वापरायची, मग मी ती अलगद काढून घेते आणि हात तसाच ठेवायला सांगते. बोटांत जी पोकळी उरते ती बघायची. सुईची चिमूट आणि बाटलीचा अर्धगोल यांतला फरक दहा मिनिटांत हाताला कळतो. लहान मुलं दात घासणं हाताने दाखवताना बोटाचाच ब्रश करतात, ती सवयही यातून सुटते. लाटण्याने मात्र एकदा घोळ झाला. निम्म्या वर्गाने ते बॅटसारखं धरलं, कारण पोळ्या लाटताना कोणी पाहिलंच नव्हतं. मुलांच्या घरात असणारी वस्तू निवडा.

आता सर्वांत जास्त होणारी चूक. मुलं नाव न घेताच चित्र सुरू करतात. आडवा तळवा गाडी असेल, ट्रक असेल किंवा बस असेल. आधी स्टिअरिंग फिरवायची ‘गाडी’ ही ठरलेली खूण करायची, मग तळवा. आमच्या वर्गाचा मंत्रच आहे, ‘आधी नाव, मग चित्र’. मांजराच्या गोष्टीत भिंतीचं नाव घेतलं की डाव्या हाताने भिंत उभी करून तो हात तिथेच ठेवायचा, मांजर उजव्या हाताने. बहुतेक मुलं उडी झाली की डावा हात खाली सोडतात. मग मांजर उडी मारतं आणि भिंत गायब! डावा हात धरून ठेवायला सांगा. त्याला कंटाळा येतो, पण तोच सगळं दृश्य तोलून धरतो.

चेहऱ्याचं सांगायलाच हवं. जाड पाइपला गाल फुगतात, बारीक तारेला ओठ आवळून डोळे बारीक होतात. मराठीत ‘टम्म’ म्हणताना तुमचे गाल काय करतात ते आरशात बघा. नजर हातामागे जायला हवी. मुलं हाताने मांजर नेतात आणि डोळ्यांनी बाईंकडे पाहतात, शाबासकीसाठी.

सरावाला आमचा आवडता खेळ म्हणजे आडोसा. एका मुलाकडे ठोकळे, गाडी, बाहुली यांची मांडणी, दुसऱ्याकडे कोरा कागद. पहिला खुणांनी सांगतो, दुसरा चित्र काढतो. मी पहिल्यांदा मध्ये मोठा पुठ्ठा उभा केला आणि मग लक्षात आलं, आता यांना एकमेकांचे हात कसे दिसणार? आडोसा टेबलावर वीतभरच हवा, मांडणी लपेल आणि हात-चेहरा दिसेल एवढा. दुसरी अडचण डाव्या-उजव्याची. समोरच्याचं उजवं ते माझं डावं. सांगणाऱ्याच्या बाजूने चित्र मनात फिरवून बघावं लागतं. सुरुवातीला दोघांना शेजारी-शेजारी बसवा, दोन आठवड्यांनी समोरासमोर.

तपासणीसाठी आम्ही प्रत्येकाचं अर्ध्या मिनिटाचं चित्रीकरण करतो. दुसऱ्या दिवशी सहशिक्षिका ते बघते आणि तिला काय दिसलं ते सांगते. ‘एक बाई जिना चढली आणि मग जिनाच चढला’ असं तिने सांगितलं, की काय चुकलं ते मुलाला माझ्याशिवाय कळतं.

तुमच्याकडे बधिर सहकारी नसेल तर मुख्याध्यापकांकडे हट्ट धरा. ऑस्ट्रेलियातल्या बधिर मुलांच्या पहिल्या दोन शाळा १८६० मध्ये सिडनी आणि मेलबर्नला निघाल्या, आणि त्या काढणारे थॉमस पॅटिसन आणि फ्रेडरिक रोज दोघेही स्वतः बधिर होते. मी व्याकरण सांगू शकते, पण चुकीचा आकार बघून बटाटा दिसायला त्याच भाषेत वाढलेले डोळे लागतात.

आणि घाई करू नका. बधिर आईवडिलांच्या पोटी जन्मलेली, पाळण्यापासून खुणा बघणारी मुलंसुद्धा या खुणांवर पकड यायला शाळेची बरीच वर्षं घेतात. तुमच्या वर्गात एखादं बधिर मूल असेल तर त्याला ऐकू येणाऱ्यांच्या फूटपट्टीने मोजू नका. २०१६ मध्ये आलेल्या ऑस्लानच्या राष्ट्रीय अभ्यासक्रमातही पहिली भाषा म्हणून शिकणाऱ्यांची वाट वेगळी ठेवली आहे.

राहिला डावखुरा. त्याने डाव्या हाताने मांजर न्यावं आणि उजव्याने भिंत धरावी. ऑस्लानमध्ये ते चालतं, फक्त मध्येच हात बदलू नये. आणि तुमची नक्कल करायला त्याला तुमच्या समोर बसवा. तुमचा उजवा हात त्याला आरशासारखा पडतो, बाकीच्यांपेक्षा त्याचंच काम सोपं होतं.